फ्लोराईडची भीती वाटते? आधी पाण्याचा आकडा सांगा, मग पेस्टचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेतीन वर्षांचा मुलगा ब्रश करताना पेस्ट चाटून खातो. आईने एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं की फ्लोराईड हे उंदीर मारायचं विष आहे, मुलांची बुद्धी कमी होते, अमेरिकेत तर बंदीच घातली. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांच्या पेस्ट गेल्या आणि 'फ्लोराईड फ्री' आली. मोठ्या मुलीच्या पुढच्या दातांवर पांढरे ठिपके आहेत, ते ह्याचेच का? आजोबांच्या दाढेत जुनी चांदी भरलेली आहे, तिच्यात पारा असतो म्हणे, ती काढून घ्यायची का? आणि लहान्याला माउथवॉश दिला तर चालेल का?

ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत पण मला एकाच गोष्टीचं उत्तर तुमच्याकडून आधी पाहिजे आणि ते तुम्ही लिहिलेलंच नाही: तुम्ही पिता त्या पाण्यात फ्लोराईड किती आहे? पंचवीस वर्षं झाली मला ह्या खुर्चीशेजारी उभं राहून, आणि घाबरून आलेल्या दहातल्या नऊ जणांना हा आकडा माहीत नसतो. पेस्टची ट्यूब मात्र पर्समधे घेऊन येतात, मागचं बारीक अक्षर वाचून आलेले असतात. पेस्ट आपण थुंकतो हो, पाणी आपण पितो. काळजी करायचीच तर योग्य जागी करा एवढंच माझं म्हणणं.

भीती वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही, कारण जास्त फ्लोराईडने माणसं खरोखर वाकलेली आहेत. गडबड अशी होते की जगात दोन अगदी उलट गोष्टी एकाच नावाखाली चाललेल्या आहेत. काही देशांत नळाच्या पाण्यात थोडं फ्लोराईड मुद्दाम घालतात, आणि भांडण 'घालायचं की नाही' ह्यावर आहे. आणि काही भागांत ते जमिनीतूनच पाण्यात इतकं येतं की लोक 'काढायचं कसं' ह्याच्या मागे आहेत. पहिल्या ठिकाणचा व्हिडिओ दुसऱ्या ठिकाणचा माणूस बघतो आणि पेस्ट फेकून देतो, आणि ज्या बोअरचं पाणी पोरं पितात त्याची टेस्ट कोणी करत नाही.

ह्याची सुरुवातच मुळात डागांपासून झालेली आहे, म्हणजे फायदा नंतर कळला, तोटा आधी दिसला. १९०१ मधे फ्रेडरिक मॅके नावाचा डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, आणि तिथेच जन्मलेल्या मुलांत तर फारच. त्याला काही सुचेना. वर गंमत अशी की हे डागाळलेले दात किडत कमी होते. डागाचं कारण पाण्यात आहे असा त्याचा संशय होता पण नेमकं काय ते कळायला १९३१ उजाडलं, एका अॅल्युमिनियम कंपनीचा केमिस्ट चर्चिल ह्याने आर्कान्सातल्या बॉक्साइट गावचं पाणी तपासलं तेव्हा लिटरला १३.७ मिलिग्रॅम फ्लोराईड निघालं. मग ट्रेंडली डीन ह्या सरकारी डेंटिस्टने गावोगाव जाऊन दात मोजले आणि पाणी मोजलं, आणि त्यातून दिसलं की लिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास डाग फारसे पडत नाहीत आणि कीड मात्र बरीच कमी असते. त्याच्यावर विसंबून २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने पहिल्यांदा नळाच्या पाण्यात ते मुद्दाम घातलं.

आता जमिनीतल्या फ्लोराईडचं. ग्रॅनाइटसारख्या खडकात फ्लोराईडवाली खनिजं असतात, पाणी त्यातून मुरत जातं, आणि पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराईड विरघळून तसंच राहतं, खाली बसत नाही. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी वाईट निघतं, दिसायला मात्र स्वच्छ काचेसारखं. पूर्व आफ्रिकेच्या रिफ्ट व्हॅलीत, चीनच्या काही प्रांतांत, आपल्याकडे तेलंगणातलं नलगोंडा, राजस्थान, गुजरात, आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हे दुखणं जुनं आहे. भारतात हाडांच्या फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराईडने होणाऱ्या दुखण्याची, नोंद १९३७ मधे तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून झालेली आहे. मान वळत नाही, कंबर ताठ, गुडघे आत वळलेले. वर्षानुवर्षं पोटात जास्त गेलं की हाडात साठत जातं आणि असं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानकात १ पर्यंत ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. हा १.५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

तर मुद्दाम घालण्याचं भांडण. अमेरिकेत आता शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅमची आहे, २०१५ पासून, त्याआधी ०.७ ते १.२ होती. ती खाली का आणली? कारण पेस्टमधून, इतर ठिकाणाहून लोकांना आता फ्लोराईड मिळायला लागलं होतं आणि मुलांच्या दातांवर हलके पांढरे डाग वाढले होते. बंदी म्हणाल तर युटा राज्याने २०२५ मधे पाण्यात घालायला बंदी केली, मग फ्लोरिडाने केली. पाण्यात घालायला! पेस्टवर कोणी बंदी घातलेली नाही, हे व्हिडिओवाले सोयीने गाळतात. उलट बाजूने कॅल्गरीचं बघा, कॅनडात, तिथे २०११ ला घालणं बंद केलं, मुलांच्या दुधाच्या दातांची कीड वाढलेली दिसली, २०२१ ला लोकांनी मत देऊन परत मागितलं आणि २०२५ मधे परत सुरू झालं. आणि युरोपातले बरेच देश पाण्यात घालतच नाहीत, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्समधे मिठात मिळतं, घेणाऱ्याने घ्यावं.

माझं मत विचाराल तर (आणि आमच्यातले काही जण ह्यावरून माझ्याशी वाद घालतील) पाण्यात घालण्याचा फायदा १९५० मधे जेवढा होता तेवढा आज नाही. तेव्हा फ्लोराईडची पेस्टच नव्हती ना! कॉक्रेन नावाच्या, वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०२४ मधे सगळे अभ्यास परत तपासले तेव्हा १९७५ नंतरच्या अभ्यासांत एका मुलामागे पाव दाताएवढा फरक निघाला, आणि तोही नक्की आहे असं ते म्हणत नाहीत. ज्या घरात रोज दोनदा पेस्टने ब्रश होतो तिथे पाण्याचं काम पेस्ट करते. ज्या घरात होत नाही तिथे पाणी गुपचूप थोडं काम करतं, आणि कीड नेमकी त्याच घरात जास्त असते. म्हणून मी ह्या भांडणात कुठल्याच टोकाला उभी राहत नाही.

आता बुद्धीचं, कारण खरी भीती तीच आहे. हे हवेतलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने ऑगस्ट २०२४ मधे अहवाल दिला, त्यात म्हटलं की लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेल्या पाण्याशी मुलांचा आयक्यू कमी असण्याचा संबंध दिसतो, आणि ह्या निष्कर्षावर त्यांचा विश्वास 'मध्यम' आहे. चांगल्या दर्जाचे म्हणून त्यांनी १९ अभ्यास धरले, त्यातल्या १८ मधे हा संबंध निघाला. पण त्याच अहवालात हेही आहे की ०.७ च्या पातळीला परिणाम होतो की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. पुढच्याच महिन्यात तिथल्या एका फेडरल न्यायाधीशाने त्यांच्या पर्यावरण खात्याला सांगितलं की ह्यावर काहीतरी करा. त्याच्या उलट न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास, १९७२-७३ मधे जन्मलेल्या साधारण हजार मुलांना मोठं होईपर्यंत धरून ठेवलं, फ्लोराईडवाल्या आणि बिनफ्लोराईडच्या भागात बुद्धीत फरक नाही निघाला. कॅनडातल्या २०१९ च्या एका अभ्यासात मात्र गरोदर आईच्या लघवीतलं फ्लोराईड जास्त तर मुलग्यांचा आयक्यू थोडा कमी असं निघालं, मुलींमधे नाही, आणि त्यावर अजून हाणामारी चालू आहे.

ह्यातून मी काय घेते? १.५ च्या वरचं पाणी गरोदर बाईने आणि लहान मुलाने पिऊ नये, दातांसाठीही आणि मेंदूसाठीही, ह्यात माझ्या मनात किंतु नाही. ०.७ च्या खाली असेल तर मी झोप उडवून घेणार नाही. मधल्या पट्ट्यात असाल तर मुलाच्या पेस्टवर नीट लक्ष ठेवा. आणि बघा, ह्या सगळ्या वाक्यांत आकडा पाण्याचाच येतोय, पेस्टच्या ब्रँडचा नाही.

उंदराच्या विषाचं पण सांगून टाकते. सोडियम फ्लोराईड पूर्वी झुरळं-उंदीर मारायला वापरायचे हे खरंय. आणि पाण्यात घालतात ते फ्लोरोसिलिसिक अॅसिड बऱ्याचदा फॉस्फेट खताच्या कारखान्यात निघालेलं असतं हेही खरंय, मी लपवणार नाही. पण पाण्यात पडल्यावर फ्लोराईडचा आयन खडकातून आला की कारखान्यातून हे शरीराला कळत नाही, फक्त त्याच्यासोबत आर्सेनिक वगैरे किती येतंय हे तपासावं लागतं आणि त्याला मानकं आहेत. यंत्रणा बिघडली तर मात्र काय होतं ते १९९२ मधे अलास्काच्या हूपर बे गावात दिसलं, पंपाच्या गडबडीने पाण्यात लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत गेलं, शेकडो लोक उलट्यांनी आजारी पडले आणि एक माणूस दगावला. डोस म्हणजे काय हे समजायला ही एक गोष्ट पुरे आहे: ०.७ आणि १५०, नाव दोन्हीकडे फ्लोराईडच. राहिली ती मेंदूतली पिनियल ग्रंथी, 'तिसरा डोळा बंद होतो' वाली. २००१ मधे अकरा मृतदेहांच्या ग्रंथीत फ्लोराईड मोजलेलं आहे, मिळालं पण, कारण म्हातारपणी त्या ग्रंथीत कॅल्शियम साठतं आणि जिथे कॅल्शियम तिथे फ्लोराईड चिकटतं, हाडात चिकटतं तसंच. त्याच्या पुढची सगळी कथा लोकांनी जोडलेली.

दातावर ते करतं काय, हे समजलं तर पेस्टचं कोडं आपोआप सुटतं. गोड खाल्लं की तोंडातले जंतू अॅसिड करतात, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातले, क्षार विरघळायला लागतात, मग लाळ हळूहळू ते परत भरते, दिवसभर ही ने-आण चालू असते. लाळेत थोडं फ्लोराईड असेल तर परत भरला जाणारा थर जास्त घट्ट बसतो, तो ४.५ पर्यंत टिकाव धरतो. म्हणजे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, पोटात गेल्यावर नाही. पूर्वी आम्हालाच कॉलेजात शिकवायचे की दात बनताना रक्तातून फ्लोराईड मिळालं पाहिजे, गोळ्या पण द्यायचे मुलांना. आता कळलंय की मुख्य फायदा वरून लागण्याचा आहे आणि डागांचा तोटा मात्र पोटात गेल्याचा आहे. म्हणून ब्रश झाला की थुंका, पण नंतर भसाभसा चुळा भरू नका, दातावर राहिलं तरच उपयोग. मोठ्यांसाठी हं हे.

आता तुमचा पेस्ट खाणारा. माझ्याकडे असं मूल आलं की मी आईला ब्रश आणि ट्यूब हातात देते आणि म्हणते, घरी लावता तशी लावा. प्रत्येक वेळी तेच, ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लाट, वर शेवटी एक शेंडी. जाहिरातीत तसंच दाखवतात ना. ती लाट असते साधारण एक ग्रॅम, १००० पीपीएमच्या (म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅमच्या) पेस्टमधे तिच्यात १ मिलिग्रॅम फ्लोराईड. मग मी ब्रश धुवून तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका लावते आणि बोटाने केसांमधे दाबते म्हणजे मुलाला उचलून खाता येत नाही. त्यात ०.१ मिलिग्रॅम. सगळं गिळलं तरी लिटरभर साध्या पाण्यात त्याहून जास्त असू शकतं. आया म्हणतात, एवढंसंच? फेसच येणार नाही! फेस नको आहे आपल्याला, फेसाने दात साफ होत नाही. तीन वर्षांखाली तांदळाचा दाणा, तीन ते सहा वाटाण्याएवढी, तुमचा साडेतीनचा आहे आणि खातो म्हणता तर अजून वर्षभर दाण्यावरच ठेवा. ब्रश तुम्ही करा, ट्यूब कपाटात वर ठेवा, आणि चॉकलेट-स्ट्रॉबेरी फ्लेवरची आणू नका, खाऊ म्हणूनच बघतात पोरं.

आणि एखाद्या दिवशी ट्यूबच चघळली तर? हिशोब असा आहे की वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम ही धोक्याची पातळी धरतात. चौदा किलोच्या मुलाला ७० मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएमची ७० ग्रॅम पेस्ट, जवळजवळ अख्खी मोठी ट्यूब. त्याच्या बरंच आधी उलटी होते, पोटात दुखतं. थोडी खाल्ली असेल तर दूध पाजा, दुधातलं कॅल्शियम फ्लोराईडला पकडून ठेवतं. बरीच खाल्लीय अशी शंका आली तर मात्र दूध पाजून थेट दवाखाना, ट्यूब सोबत न्या, उरलेली किती ते बघता येतं.

फ्लोराईड फ्री पेस्टबद्दल: मुलाचे दात किडत नाहीत, पाण्यात १ च्या वर आहे, तर सहा वर्षांपर्यंत मी फारसा आग्रह धरत नाही. पण पाण्यात फ्लोराईड नाही, दोन दाढा आधीच काळ्या पडल्यात, रात्री बाटली तोंडात, आणि वर पेस्ट पण बिनफ्लोराईडची, असं असेल तर मी भांडते. हायड्रॉक्सिअॅपॅटाइटवाल्या (दात ज्या खनिजाचा बनतो त्याच्याच) पेस्ट आल्यात, जपानमधे त्या बऱ्याच वर्षांपासून आहेत, गिळल्या तरी काळजी नाही, काही चाचण्यांत बऱ्या ठरल्यात. फक्त फ्लोराईडमागे जेवढ्या वर्षांचा पुरावा उभा आहे तेवढा त्यांच्यामागे अजून नाही. कोळशाच्या, मिठाच्या, लवंगीच्या पेस्टांबद्दल मला विचारूच नका, घासतात खूप, कीड थांबवत नाहीत.

मुलीच्या पांढऱ्या ठिपक्यांचं. फोटो पाठवू नका, एकदा दाखवून घ्या, कारण फोटोसाठी तोंड उघडं ठेवलं की दात सुकतात आणि सुकलेल्या दातावर पांढरं दुप्पट दिसतं. सकाळी उठल्यावर पण जास्त दिसतात, तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांत तर हमखास, आणि आई म्हणते रात्रीतून वाढले! बघायचं काय तर डाग दोन्ही बाजूला सारखे आहेत का, उजव्या दाताला तसाच डाव्याला, आडव्या बारीक रेघा किंवा ढगासारखे, तर फ्लोरोसिस असू शकतो. एकाच दातावर गोल, कडा स्पष्ट, तर बहुतेक दुधाच्या दाताला लहानपणी मार लागला किंवा खाली पू झाला होता. आणि हिरडीला लागून खडूसारखी पट्टी असेल तर ती कीड सुरू होतेय, तिला उलट फ्लोराईडच पाहिजे. म्हणजे पांढरा डाग बघून फ्लोराईड बंद केलं आणि डाग किडीचा निघाला, तर झालं ना उलटंच!

फ्लोरोसिसचं एक लक्षात ठेवा, तो दात हिरडीच्या आत बनत असतानाच होतो, साधारण आठ वर्षांपर्यंत, आणि पुढच्या कायमच्या दातांसाठी तर पहिली दोन-तीन वर्षंच महत्त्वाची. दात बाहेर आल्यावर कितीही फ्लोराईड लावा, नवीन डाग पडत नाही. माझ्याकडे दोघी बहिणी आल्या होत्या, थोरलीचे दात मोत्यासारखे, धाकटीचे तपकिरी, कॉलेजात जाणारी मुलगी पण हसताना ओठांवर हात. घरात सगळे तिला म्हणायचे तू घासत नाहीस. विचारत गेले तेव्हा कळलं, थोरली आठ-नऊ वर्षांची असताना कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं आणि तिथे बोअरचं पाणी सुरू झालं, धाकटी तिथेच जन्मली. घासण्याचा काही संबंध नव्हता, तो डाग इनॅमलच्या आत असतो. दोन-तीन वेळा वरचा अगदी पातळ थर अॅसिड आणि प्युमिसने घासून काढला, मग ब्लीच, बराच फिकट झाला. त्याच्या आधीची सगळी वर्षं तिने फुकट बोलणी खाल्ली.

तर आकडा मिळवायचा कसा. नळाचं पाणी असेल तर पुरवठा करणाऱ्या खात्याकडे रिपोर्ट असतो, मागा. बोअर किंवा विहीर असेल तर पाणी तपासणाऱ्या लॅबमधे प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीतून द्या आणि 'फ्लोराईड पण करा' असं तोंडाने सांगा, साध्या तपासणीत कधीकधी तो नसतोच. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा केलं तर उत्तम, पातळी बदलते. घरातलं टीडीएस मीटर ह्यासाठी बिनकामाचं आहे, ते सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतं, त्या तीनशे-चारशेच्या आकड्यात दीड मिलिग्रॅम कुठे दिसणार! १२० टीडीएस आहे म्हणजे आमचं पाणी गोड, असं सांगणाऱ्यांच्या रिपोर्टमधे फ्लोराईड २ च्या वर आलेलं मी बघितलंय. उकळून पण जात नाही, उलट वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात प्रमाण वाढतं. साध्या कोळशाच्या फिल्टरने किंवा यूव्हीने पण जात नाही. आरओने बराचसा जातो, मेंब्रेन वेळेवर बदललं तर. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे फिल्टर असतात, आणि तुरटी-चुना घालून फ्लोराईड खाली बसवायची नलगोंडा पद्धत आपल्याच नीरीने, म्हणजे नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने, काढलेली आहे. वरचं दूध पावडरचं असेल तर बाळ दिवसभर त्याच पाण्यावर असतं, तिथे तर आधी आकडा बघा. आणि काळा चहा दिवसातून आठ-दहा कप पिणारे असतील तर चहाच्या पानातही फ्लोराईड असतं, तेही धरा.

आता आजोबांची चांदी. त्यात निम्मा पारा असतोच, बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना त्यातून पाऱ्याची वाफ अगदी बारीक प्रमाणात निघते हे मोजलेलं आहे. २००६ मधे दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक अमेरिकेतली आणि एक लिस्बनची, मुलांच्या दातात काहींना चांदी काहींना सिमेंट भरून पाच-सात वर्षं लक्ष ठेवलं, बुद्धीत फरक आढळला नाही. तरी २०२० मधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, सांगितलं की गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा मेंदू-मज्जातंतूंचे रुग्ण ह्यांना शक्यतो नवीन भरू नका, आणि युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून जवळजवळ बंदच केलं, त्यात पर्यावरणात जाणारा पारा हे मोठं कारण आहे. पण त्याच एफडीएचं हेही म्हणणं आहे की चांगली बसलेली जुनी चांदी उगाच काढू नका. का? ड्रिलने उडवताना पाऱ्याची वाफ तेवढ्यापुरती नेहमीपेक्षा जास्त निघते. वर चांगल्या दाढेचा अजून थोडा भाग जातो, आणि वय झालेल्या दाढेला ते परवडत नाही, कधीकधी रूट कॅनलपर्यंत प्रकरण जातं. कडेला फट पडलीय, खाली कीड आहे, तुटलीय, तर काढायची, रबर डॅम (दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा) लावून, भरपूर पाणी मारत, सक्शन जवळ धरून, तुकडे करून. नाहीतर आजोबांना जेवू द्या सुखाने त्या दाढेने.

मग म्हणाल पांढऱ्या सिमेंटमधे बीपीए, ते प्लास्टिकमधलं केमिकल, असतं! असतं म्हणजे, त्यातलं रेझिन ज्याच्यापासून बनवतात त्यात ते असतं, त्याचा अंश राहतो, आणि भरल्यावर पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त सुटतो. उपाय साधा आहे, लाईटने कडक केल्यावर वरचा चिकट थर प्युमिसने किंवा कापसाने पुसून काढायचा आणि रुग्णाला चूळ भरायला लावून थुंकायला सांगायचं. घाई असली की हेच गाळलं जातं, तुम्ही आठवण करून दिलीत तर चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. गरोदरपणात फार न दुखणारं काम असेल तर पुढे ढकलता येतं, दुखत असेल तर ढकलू नका.

बाकी केमिकल्समधे मला खरी तक्रार कोणाची दिसते माहितेय? क्लोरहेक्सिडिनच्या लाल-गुलाबी माउथवॉशची. दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेला लोक दोन वर्षं वापरतात, मग दात तपकिरी, जीभ काळी, चव गेली, आणि दोष पेस्टच्या फ्लोराईडला. आणि वारंवार तोंड येत असेल तर पेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट बंद करून बघा, काहींना खरंच फरक पडतो. मुलांच्या दाढेच्या नसेचं काम करताना पूर्वी फॉर्मोक्रेसॉल सर्रास वापरायचे, त्यात फॉर्माल्डिहाईड असतं, आता त्याच्या जागी एमटीए नावाचं सिमेंट आहे, मी बदलून बरीच वर्षं झाली. हे विचारायला कोणी येत नाही बरं.

दवाखान्यात लावतात ते फ्लोराईड वार्निश २२,६०० पीपीएमचं असतं, आकडा ऐकून आई उठायलाच लागते खुर्चीवरून. पण लागतं पाव मिलीच्या आसपास, दातावर चिकटून बसतं आणि हळूहळू सुटतं, वर्षातून दोन-चार वेळा. किडीचा त्रास असलेल्या मुलाला ते मी लावतेच. गिळतात म्हणून जेलचा ट्रे मात्र लहान मुलांना देत नाही.

शेवटचा तुमचा माउथवॉशचा प्रश्न, साडेतीन वर्षांच्याला. नाही. सहा वर्षांखाली कुठलाच नाही. त्याला आधी थुंकायला शिकवा, अंघोळीच्या वेळी साध्या पाण्याने, भिंतीवर नेम धरून, पोरांना आवडतं ते. पाण्याचा रिपोर्ट आला की फ्लोराईडच्या पुढचा आकडा तेवढा मला कळवा.